चांगली पाने, अवघड निर्णय

संभाव्यता शिकवताना आपण नाणी, फासे आणि पत्ते यांचा आधार घेतो. ५२ पत्त्यांतून एक पान काढले तर ते एक्का असण्याची संभाव्यता १३ त १ असते, हे विद्यार्थ्यांना लवकर समजते. पण संभाव्यता समजली म्हणजे काय करावे हेही समजले, असे होते का? पत्त्यांच्याच एका खेळात हा प्रश्न फार स्पष्टपणे समोर येतो. म्हणून या वेळी आपण पोकरच्या स्पर्धेत डोकावू या. जुगार शिकण्यासाठी नव्हे, तर निर्णय कसा घेतला जातो हे पाहण्यासाठी.

खेळ आणि स्पर्धा

पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. पुढे पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात. या सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. तीन पत्ती माहीत असणाऱ्यांना पॅक करणे आणि बोली वाढवणे हे परिचित आहेच.

स्पर्धेत मात्र एक फरक असतो. प्रवेश शुल्क भरल्यावर सर्वांना सारख्या चकत्या मिळतात. त्यांना चिप्स म्हणतात. या चिप्स मधेच मोडून पैसे घेता येत नाहीत. चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो आणि तो कितव्या क्रमांकावर बाद झाला यावर बक्षीस ठरते.

लास व्हेगास येथे १९७० मध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेत आरंभीच्या वर्षांत बक्षिसाची सगळी रक्कम एकट्या विजेत्याला मिळत असे. १९७८ मध्ये ती पहिल्या काही क्रमांकांत वाटली जाऊ लागली. पत्ते तेच राहिले, नियम तेच राहिले. तरीही या एका बदलाने योग्य निर्णय बदलला. तो कसा?

चार खेळाडू, तीन बक्षिसे

समजा, चार खेळाडू उरले आहेत आणि प्रत्येकाकडे २५ चिप्स आहेत. बक्षिसे ५०, ३० आणि २० डॉलर अशी आहेत. चौथ्याला काहीच नाही. समोरच्याने आपल्या सगळ्या चिप्स लावल्या आहेत, बाकीचे दोघे बाजूला झाले आहेत आणि आपल्या हाती राण्यांची जोडी आहे. एक्क्यांच्या आणि राजांच्या जोडीखालोखाल हीच सर्वांत बलवान. आपणही सर्व चिप्स लावाव्यात का? (डावात आधीच पडलेल्या थोड्या चिप्स सोडून देऊ.)

सर्व रक्कम विजेत्याची असती तर हिशेब सरळ होता. चौघेही सारख्याच कुशलतेने खेळतात असे धरले, तर पहिला येण्याची संभाव्यता चिप्सच्या वाट्याएवढी असते. आता ती २५ टक्के, जिंकल्यास ५० टक्के. म्हणजे डाव जिंकण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त असेल तर चिप्स लावाव्यात.

वाटलेल्या बक्षिसांत काय होते? आज चौघेही समान असल्याने प्रत्येकाची अपेक्षा १०० भागिले ४, म्हणजे २५ डॉलर. हरल्यास शून्य. जिंकल्यास आपल्याकडे ५०, उरलेल्या दोघांकडे २५-२५ चिप्स. मग पहिला येण्याची संभाव्यता १/२. दुसऱ्या क्रमांकासाठी पहिला आलेला वगळून उरलेल्यांत चिप्सचा वाटा पाहायचा. दोघांपैकी कोणीतरी पहिला येण्याची संभाव्यता १/२ आणि तेव्हा आपला वाटा ७५ पैकी ५०, म्हणजे २/३. गुणाकार १/३. तिसऱ्यासाठी उरले १/६. आता अपेक्षित बक्षीस:

५० × १/२ + ३० × १/३ + २० × १/६ = ३८.३ डॉलर.

चिप्स दुप्पट झाल्या, पण त्यांचे मोल २५ वरून ५० झाले नाही. जिंकल्यास सुमारे १३ डॉलरचा लाभ, हरल्यास २५ डॉलरची हानी! म्हणून आता २५ भागिले ३८.३, म्हणजे सुमारे ६५ टक्के खात्री हवी. ही रीत अचूक नाही, अंदाजी आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये ती घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडली होती.

राण्या किती बलवान?

समोरचा कोणत्याही पानांवर चिप्स लावत असेल, तर राण्या सुमारे ८० टक्के वेळा जिंकतात. तेव्हा अवश्य लावाव्यात. त्याच्याकडे एक्का आणि राजा आहेत हे कळले, तर राण्यांची शक्यता सुमारे ५६ टक्के. एकाच विजेत्याच्या स्पर्धेत हे पुरेसे आहे, आपल्या उदाहरणात नाही.

आणि तो फार सावध खेळाडू असेल तर? समजा, तो फक्त एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा यांवरच सर्व चिप्स लावतो. चार एक्क्यांतून जोडी ६ प्रकारे होते, राजांचीही ६ प्रकारे. एक्का-राजा मात्र ४ × ४ = १६ प्रकारे. जोड्यांपुढे राण्या १०० पैकी १८-१९ वेळाच जिंकतात. या २८ शक्यतांची सरासरी काढली तर राण्यांची शक्यता सुमारे ४० टक्केच उरते. म्हणजे हात 'चांगला' की नाही, हे समोरच्याच्या स्वभावाशिवाय ठरत नाही.

आपणच आधी चिप्स लावल्या तर चित्र पालटते. आता ६५ टक्क्यांची अट समोरच्याला लागू होते. तो पॅक करू शकतो आणि आपण पाने न दाखवता जिंकतो. म्हणून ज्या पानांवर दुसऱ्याचे आव्हान घेणे चूक, त्याच पानांवर आव्हान देणे योग्य ठरू शकते.

वर्गात करून पाहा

यासाठी पत्ते वर्गात नेण्याची गरज नाही. पिशवीत चार चिठ्ठ्या टाका: 'अ'च्या दोन, 'ब'ची एक, 'क'ची एक. न पाहता एक चिठ्ठी काढा. ज्याची निघेल तो पहिला. त्याच्या सर्व चिठ्ठ्या बाजूला ठेवून पुन्हा एक काढा, तो दुसरा. असे ६० वेळा करा. 'अ' सुमारे ३० वेळा पहिला, २० वेळा दुसरा आणि १० वेळा तिसरा येईल. बक्षिसांची सरासरी मुलांनाच काढू द्या. दोन चिठ्ठ्यांचे मोल एका चिठ्ठीच्या दुप्पट का नाही, हे त्यांना स्वतःलाच सापडेल.

हा प्रश्न नवा नाही. अर्धवट राहिलेल्या खेळातील रक्कम कशी वाटावी, यावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी दाखवले की, तेवढाच लाभ गरिबाला आणि श्रीमंताला सारख्या मोलाचा नसतो. तिथे कारण माणसाची परिस्थिती, इथे बक्षिसांचा नियम.

शेवटी एक सावधगिरी. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. तिथे सर्व चिप्स लावून हरलो तर निर्णय चुकला असे नव्हे. पण अशी जोखीम चार वेळा घेतली, तर चारही वेळा टिकण्याची शक्यता ४५ टक्केच असते. परीक्षेत, शेतीत, उपचारांत आपण निकालावरून निर्णयाला बरेवाईट ठरवतो. निर्णय घेताना काय माहीत होते आणि हरल्यास काय गमवावे लागणार होते, हे आधी विचारायची सवय मुलांना लावता आली, तर संभाव्यतेचा धडा पुस्तकातच अडकून राहणार नाही.