केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेश : अर्जाची पूर्वतयारी आणि कनिष्ठ महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थी बारावीनंतर बहुधा जवळच्याच वरिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतो. राज्याबाहेरील केंद्रीय विद्यापीठाचा विचार त्याच्या मनात आलाच, तर तो बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर येतो. तोपर्यंत अनेक वाटा बंद झालेल्या असतात. विद्यापीठाचा अर्ज बारावीच्या अखेरीस भरला जात असला, तरी त्याचे भवितव्य अकरावीच्या विषयनिवडीतच ठरत असते. प्रस्तुत लेखात दिल्ली विद्यापीठाच्या उदाहरणाच्या आधारे या पूर्वतयारीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

प्रवेशपद्धतीतील बदल :
दिल्ली विद्यापीठात पूर्वी बारावीच्या गुणांवर आधारित गुणमर्यादा जाहीर होत असे. २०२१ मध्ये काही महाविद्यालयांतील काही अभ्यासक्रमांची पहिली गुणमर्यादा १०० टक्के होती. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. २०२५ मध्ये ती पूर्णतः संगणकावर घेण्यात आली. विद्यार्थ्यास कमाल पाच विषय निवडता येत होते. प्रत्येक विषयासाठी ६० मिनिटांत ५० प्रश्न होते, बरोबर उत्तरास ५ गुण होते व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होत होता. बारावीचे गुण मात्र निरर्थक ठरलेले नाहीत. परीक्षेतील गुण समान झाल्यास दिल्ली विद्यापीठ बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे गुण विचारात घेते.

विषयनिवड : अर्जाचा पाया :
परीक्षेसाठी विषय निवडण्याची मोकळीक विद्यार्थ्यास आहे. परंतु प्रत्येक विद्यापीठाची पात्रता स्वतंत्र असते. बारावीला अभ्यासलेल्या विषयांतच परीक्षा द्यावी, अशी अट दिल्ली विद्यापीठाने घातली आहे. तेथील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी गणित आवश्यक आहे. आपल्याकडे कला शाखेचा विद्यार्थी अकरावीत गणित सोडतो, किंवा त्याच्या महाविद्यालयात कला शाखेसाठी तो विषयच नसतो. असा विद्यार्थी अर्थशास्त्रात कितीही हुशार असला, तरी या अभ्यासक्रमासाठी अपात्र ठरतो. येथे गुणवत्तेपेक्षा माहितीचा अभावच त्याच्या आड येतो, ही बाब प्राध्यापकांनी गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

अभ्यासक्रम आणि भाषा :
या परीक्षेतील विषयांचा अभ्यासक्रम मुख्यतः एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर आधारलेला आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांशी त्याची तुलना करून जादा घटकांची यादी विषयशिक्षकाने अकरावीच्या अखेरीस दिल्यास विद्यार्थ्याचा ताण हलका होतो. परीक्षेच्या १३ भाषांत मराठीचा समावेश आहे. मराठी हा भाषा विषय म्हणून निवडता येतो आणि प्रश्नपत्रिकेचे माध्यम म्हणूनही. इंग्रजीच्या धास्तीने मागे सरणाऱ्या विद्यार्थ्याला हे आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र इंग्रजी ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीचीच परीक्षा द्यावी लागते.

प्रवर्ग आणि दाखले :
राज्यातील आरक्षणाचे प्रवर्ग केंद्रीय विद्यापीठांत जसेच्या तसे लागू होत नाहीत. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याची जात केंद्रीय सूचीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, विहित मुदतीतील असावे लागते. महाराष्ट्राच्या २०२४ च्या कायद्यान्वये मिळणारे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे आरक्षण तेथे लागू नाही. निकषांत बसणाऱ्या अशा विद्यार्थ्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढावा. तहसील कार्यालयातील हेलपाटे लक्षात घेता हे काम निकालाची वाट न पाहता सुरू करणे इष्ट ठरते.

पसंतीक्रम :
सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे विद्यापीठाचा अर्ज भरला, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या जागावाटप प्रणालीत स्वतंत्र नोंदणी करून अभ्यासक्रम व महाविद्यालय यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. ही प्रणाली गुणानुक्रमानुसार शक्य तितकी वरची पसंती देते. म्हणून पसंती खऱ्या आवडीच्या क्रमाने आणि भरपूर संख्येने नोंदवावी. मिळालेली जागा मुदतीत न स्वीकारल्यास विद्यार्थी पुढील फेऱ्यांतून बाद होतो. जागा स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबण्याचा पर्याय मात्र उपलब्ध असतो.

समारोप :
सक्षम अर्ज म्हणजे प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल नव्हे. योग्य विषय, योग्य दाखले आणि विचारपूर्वक दिलेला पसंतीक्रम यांतून तो सिद्ध होतो. यांपैकी विषयांची चूक बारावीनंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून अकरावीच्या प्रवेशावेळीच विद्यार्थी व पालक यांच्यासाठी मार्गदर्शन सत्र घेणे, विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतील पात्रतेचा तक्ता दरवर्षी अद्ययावत करून सूचना फलकावर लावणे आणि शक्य तेथे कला शाखेसाठी गणिताचा वर्ग सुरू करणे, ही तीन कामे महाविद्यालयांनी हाती घ्यावीत. पहिल्या दोन कामांना स्वतंत्र निधी लागत नाही. प्राध्यापकांनी योग्य वेळी लक्ष घालणे तेवढे आवश्यक आहे.