गॅस लावल्याची तारीख

दिवाळी अंकाचं काम आमच्याकडे आषाढातच सुरू होतं. बाहेर पाऊस, टेबलावर कथांची पाकिटं आणि हातात शिसपेन्सिल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी कथेला या अंकांचा मोठा आधार मिळाला. यंदा एका कथेवर लेखकाला समोर बसवून केलेलं काम इथे सांगते. गद्याची तंत्रं पुस्तकात वाचून मला जेवढी कळली, त्याहून जास्त ती खोडताना कळली आहेत.

लेखक तिशीतला, बँकेत नोकरीला. आई गेल्यावर घरात एकटा उरलेला मुलगा हा कथेचा विषय. हस्तलिखित चौदा पानांचं. पहिली दोन पानं घराच्या आणि परसातल्या प्राजक्ताच्या वर्णनात गेलेली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं : ‘आईच्या आठवणीने तो व्याकूळ झाला. घर त्याला खायला उठले.’

मी विचारलं, “व्याकूळ झाला म्हणजे त्याने काय केलं?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ताई, आमच्याकडे सिलिंडर लावला की आई कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात ‘गॅस’ असं लिहून ठेवायची. ती गेल्यावर पहिल्यांदा गॅस संपला, तेव्हा किती दिवस चालला ते बघायला मी मागची पानं उलटली. फेब्रुवारीत तिचं अक्षर होतं.”

“मग हे कथेत का नाही?”

“ते फारच साधं आहे ना.”

नवा लेखक इथेच चुकतो. मोठ्या दुःखाला मोठे शब्द लागतात असं त्याला वाटतं. ‘व्याकूळ’ हा शब्द हजार कथांत बसतो. पेन्सिलीने लिहिलेला ‘गॅस’ हा शब्द मात्र त्या एकाच स्वयंपाकघरातला आहे. तपशील निवडायचा तो असा, दुसऱ्या कुणाच्या घरी उचलून नेता येणार नाही असा. असा एक सापडला की दहा विशेषणं आपोआप गळतात. आम्ही ती दोन्ही वाक्यं खोडली. मग सुरुवातीची दोन पानंही काढली आणि कथा थेट विझलेल्या शेगडीपासून सुरू केली.

पुढचा प्रश्न क्रियापदांचा. त्याने सगळीकडे ‘केले’, ‘गेली’, ‘ठेवले’ असा साधा भूतकाळ वापरला होता. मराठीला एक देणगी आहे : ‘आई लिहायची’, ‘आई तपासायची’. या एका रूपात वीस वर्षांचा परिपाठ मावतो. म्हणून आईचं सगळं ‘-यची’त घेतलं : ती रात्री रेग्युलेटर बंद करायची, दुधाचा हिशेब भिंतीवरच्या त्याच पानावर मांडायची. आणि मग एकच वाक्य साध्या भूतकाळात : ‘गॅस संपला.’ सवयीच्या लयीत वाचत आलेला वाचक त्या दोन शब्दांवर अडखळतो. धक्का बसतो तो क्रियापदाचं रूप बदलल्यामुळे. निवेदकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

मग निवेदक. मूळ खर्ड्यात तो सर्वज्ञ होता. मुलाच्या मनात शिरायचा, शेजारच्या काकूंच्याही मनात शिरायचा. कोण सांगतंय हे ठरलं की काय सांगता येणार नाही हेही ठरतं, आणि ती मर्यादाच कथेला बळ देते. हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी यमुनेच्या तोंडून सांगितली, म्हणून ती हकिगत घरातल्या घरात सोसलेली वाटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) गावात नवखा असलेला तरुण मास्तर सांगतो, म्हणून गाव आपल्यालाही त्याच्याबरोबर हळूहळू कळत जातं. आम्ही काकूंच्या मनातलं सगळं काढून टाकलं. त्या आता फक्त दारात दिसतात, हातात झाकलेलं ताट घेऊन.

संवाद मी नेहमी मोठ्याने वाचायला लावते. काकूंचं वाक्य होतं, ‘तू सकाळपासून काही खाल्ले आहेस काय?’ त्याने ते वाचलं आणि स्वतःच थांबला. अशी कोणतीच काकू बोलत नाही. ‘खाल्लंस का रे काही?’ एवढं झालं आणि दारात बाई उभी राहिली. एक अनुस्वार आणि एक ‘रे’, त्यात वयही आलं, नातंही आलं. मराठी गद्याला हे भान फार जुनं आहे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटाने छोट्या छोट्या प्रसंगांत कोण काय बोललं, त्याला काय उत्तर मिळालं हे टिपून ठेवलं. त्या बोलण्यातूनच माणसं आपल्यासमोर उभी राहतात.

शेवटी शेवट. लेखकाने लिहिलं होतं की आई त्या तारखांमधून अजून जिवंत आहे, हे मुलाला उमगले. वाचकाला हे तीन ओळी आधीच उमगलेलं असतं. त्याच्या हातातली गोष्ट काढून घेऊन पुन्हा त्यालाच देण्यात अर्थ नाही. ते वाक्य गेलं. आता शेवटी मुलगा नवा सिलिंडर लावतो, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतो आणि एप्रिलच्या एका चौकोनात ‘गॅस’ लिहितो.

चौदा पानांची कथा नऊ पानांची झाली. जे गेलं त्यात वाईट फारसं नव्हतं, फक्त ते वाचकावर विश्वास न ठेवता लिहिलेलं होतं. तपशील, काळ, निवेदक, संवाद, मौन ही सारी तंत्रं एकाच कामासाठी असतात : वाचकाला काय कळावं, कधी कळावं आणि काय त्याचं त्यानेच शोधावं, हे ठरवण्यासाठी.

यंदा दिवाळी अंक हातात आला की आवडलेली एक कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाचा. दुसऱ्यांदा वाचताना लेखकाने काय सांगितलेलं नाही, ते शोधा.