सोन्याचा मुलामा, उजेडाची कळ

मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीतून शंभर किलो दगड काढला, तर त्यात तांबं जेमतेम किलोभर. हिंदुस्तान कॉपरच्या कारखान्यात तो दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, त्यात रसायन घालतात आणि हवा सोडतात. रसायनाचा पातळ थर बसलेले तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. बाकीचा गाळ खाली राहतो. म्हणजे कणाच्या पोटात काय आहे यापेक्षा त्याच्या अंगावर काय आहे, यावर सगळी निवड ठरते. औषध नेमक्या जागी पोचवू पाहणारे शास्त्रज्ञही बराचसा विचार याच अंगाने करतात.

याच कंपनीचा एक कारखाना नवी मुंबईत तळोज्याला आहे. तिथून जवळच खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथले अभिजित डे आणि आयआयटी मुंबईतले रोहित श्रीवास्तव, रिंती बॅनर्जी, अरविंद रेंगन यांनी मिळून सोन्याचा मुलामा दिलेला एक सूक्ष्म वाहक घडवला. 2015 मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘नॅनो लेटर्स’मध्ये आला.

त्याची गरज कळायला डॉक्सोरुबिसिन बघावं. केमोथेरपीतलं हे औषध लालभडक असतं. नळीतून उतरताना डोळ्यांना दिसतं, नंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ते गाठीपर्यंत जातं, तसंच केसांच्या मुळांपर्यंत, आतड्यांपर्यंत आणि हृदयापर्यंतही जातं. हृदयाला इजा होते, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं यालाच मर्यादा आहे. गाठ एका जागी आणि शिक्षा सगळ्या देहाला, हे मला कधीच पटलेलं नाही.

यावरचा पहिला मोठा उपाय म्हणजे लायपोसोम. अंड्याच्या बलकात असतात तशा स्निग्ध रेणूंची ही पोकळ गोळी, साधारण 100 नॅनोमीटरची. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी ती ओळखली. 1995 मध्ये तिच्यात भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी लायपोसोममधल्या अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधावर काम केलं. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरले, ते याच जातीचं.

पण साधी गोळी आपल्याच चालीने पाझरते. तिला बाहेरून कळ हवी. सोन्याचा अतिपातळ थर दिला की ती डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश शोषून तापते. हा प्रकाश कातडीतून थोडा आत जातो. लेझर जिथे धराल तिथेच उष्णता. शेजारचं अंग बरंचसं सुरक्षित. गोळी उष्णतेने सैल होणारी असली, तर पोटातलं औषधही तिथेच मोकळं करता येतं. मुंबईच्या 2015च्या प्रयोगात मात्र मुख्य भर उष्णतेनेच गाठ जाळण्यावर होता, आणि तोही उंदरांवर.

मला त्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते त्यापुढचं. टणक सोन्याचे कण यकृतात साचून राहतात. इथे मात्र स्निग्ध गोळी विरघळली की सोन्याचे अगदी बारीक कण होतात, आणि ते पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडतात. काम झाल्यावर वाहक जाणार कुठे, हा प्रश्न त्यांनी पहिल्यापासून विचारात घेतला.

माणसावरची वाट अवघड आहे. उष्णतेने उघडणारं, डॉक्सोरुबिसिन भरलेलं ‘थर्मोडॉक्स’ हे लायपोसोम यकृताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत 2013 मध्ये अपेक्षेला उतरलं नाही. गाठ किती वेळ तापवली यावर बरंच अवलंबून असावं, असं नंतरच्या विश्लेषणातून पुढे आलं. प्रकाशाची अडचण वेगळी: खोल पोटातल्या गाठीपर्यंत तो पोचत नाही.

म्हणून सुरुवात तोंडाच्या कर्करोगापासून व्हावी असं मला वाटतं. खर्रा आणि तंबाखूने विदर्भात आणि शेजारच्या बालाघाटात तोंडं पोखरली आहेत. दुखणं वाढलं की माणसं गोंदिया, नागपूर गाठतात. गालाच्या आतली गाठ डॉक्टरला समोर दिसते, आणि लेझरलाही ती गाठता येते.