गवयाची नोकरी

नागपूरजवळच्या वाडीवरून अमरावतीकडे जाणारा रस्ता पुढे मूर्तिजापुरास पोहोचतो. त्या गावी २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. आईने त्यांना नागपुरात एकटीने वाढविले. घरात पैसा नव्हता; मुलाच्या गळ्यात मात्र गाणे होते. शंकरराव सप्रे यांनी ते ओळखले आणि त्यास आपल्याजवळ शिकविले. १९३५ साली ‘कालियामर्दन’ या चित्रपटात कृष्णाची भूमिकाही त्यास मिळाली.

मुलांनो, एवढे यश लाभल्यावर गाण्यावर पोट भरणे सोपे झाले असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे होत नाही. ही विद्या हळूहळू पिकते. मारवा हा सायंकाळचा राग घ्या. त्यात पंचम वर्ज्य, म्हणजे स्वर सहाच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. षड्ज हा सर्व स्वरांचा आधार; पण मारव्यात गायक त्यावरही फारसा विसावत नाही आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या मनाला हुरहूर लागून राहते. हे सहा स्वर ओळखण्यास थोडे दिवस पुरतात. ती हुरहूर गळ्यात उतरावयास मात्र फार काळ लागतो. तरुण वसंतराव लाहोरास असद अली खाँ यांच्याकडे गेले, तेव्हा उस्तादांनी कित्येक महिने त्यांना मारव्याखेरीज दुसरा राग शिकविला नाही!

विद्या पिकेपर्यंत खावयाचे काय? मैफलीचे आमंत्रण नाव झाल्यावर येते आणि नाव तर मैफलींतूनच होते. प्रत्येक तरुण गवई या पेचात सापडतो. वसंतरावांनी पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी धरली. वीस वर्षांहून अधिक काळ दिवसा आकडे आणि उरलेल्या वेळी स्वर, असा त्यांचा क्रम चालला. सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा निरनिराळ्या घराण्यांच्या गुरूंकडूनही त्यांनी विद्या घेतली. अशा नोकरीस कोणी कमीपणा मानो. तिने घर चालविले आणि गाणे कोणाच्या मर्जीवर टाकावे लागले नाही.

अखेर नोकरी सोडून ते सर्वस्वी गाण्याकडे वळले. १९६७ साली नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब वसंतरावांनी उभा केला आणि महाराष्ट्र त्यांना घरोघर ओळखू लागला. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते.