बुलेट सुटली, शिवार सुटलं नाही

या पानावर नेहमी बियाणे, खते आणि फवारण्या यांविषयी बोलणे होते. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण बांधाबाहेरचा नाही. साठी ओलांडलेला शेतकरी ज्या गाडीवर बसून रानात जातो, त्या गाडीविषयी आज बोलायचे आहे.

आमचे गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. १९८९ साली बटाट्याची पट्टी चांगली आली आणि तात्यांनी बुलेट घेतली. माझा जन्मही त्याच सालचा. आई अजून म्हणते, "एका वर्षात घरात दोन पोरं आली, त्यातलं एक जास्त लाडकं." कोणतं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि विचारायची गरजही पडली नाही.

त्या गाडीवर तात्यांनी काय नाही केलं? बटाट्याचं बेणं आणलं, डेअरीला दूध घातलं, सेवागिरीच्या यात्रेत खिल्लारं बघायला पुसेगाव गाठलं. ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनची खिटी दाबायची आणि मग दणकून किक. जरा चुकलं की किक उलटी नडगीवर. गल्लीत आवाज आला की पोरं म्हणायची, "तात्या निघालं रानात."

गुडघा आधी बोलतो

माणूस थकल्याचं आधी शरीर सांगतं, माणूस ते ऐकत नाही. तात्यांचं तसंच झालं. चार-पाच किका मारल्यावर ते गाडीला टेकून उभे राहायचे. डबल स्टँडला गाडी लावायची झाली की माझ्या पोराला हाक जायची, "जरा मागनं धर रं." वाठारवरून आले की बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या. हात झटकत चहा घ्यायचे, पण तोंडातून शब्द नाही.

२०२४ च्या श्रावणात ओढ्याच्या उताराला गाडी थांबवताना त्यांनी पाय टेकला तो निसटत्या मुरमावर. गाडी कलली. दीडशे किलोच्या वरची ती गाडी तरुणपणी मांडीच्या जोरावर सावरली जायची. या वेळी गुडघ्याने साथ दिली नाही. दोष गाडीचा नव्हता, रस्त्याचाही नव्हता. घोटा सुजला, पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. देवाची कृपा, एवढ्यावरच भागलं.

घरी आल्यावर मी मोठ्या शहाणपणाने किल्ली काढून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. "आता गाडी बंद," म्हणालो. तात्या काहीच बोलले नाहीत.

किल्ली खिळ्याला, प्लॉट वाऱ्यावर

इथे माझी चूक झाली. मी कृषी खात्यातला माणूस. सकाळी आठला घर सोडतो आणि दुसऱ्यांच्या प्लॉटला भेटी देत फिरतो. आमचं आल्याचं रान घरापासून तीन किलोमीटरवर. तात्यांना कोण सोडणार? "संध्याकाळी नेतो," म्हणायचो आणि संध्याकाळी अंधार पडायचा. तात्या ओट्यावर बसून राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं.

त्या आठ-दहा दिवसांत पाऊस लागून राहिला. पाणी साचलेल्या सखल वाफ्यात कंदकूज शिरली. सुरुवातीला चार गड्ड्यांची पानं कडेने पिवळी पडली असतील. तात्या रोज जात होते तेव्हा असं पान त्यांच्या नजरेतून सुटत नव्हतं. या वेळी बघायला कोणीच नव्हतं. मी गेलो तेव्हा झाड नुसतं ओढलं की हातात येत होतं. चर काढले, सडके गड्डे उपटून लांब टाकले, कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी केली, तरी चार गुंठे गेलेच. गावोगाव कंदकुजीवर भाषण देणाऱ्याच्या घरचा प्लॉट कुजला!

त्या रात्री मला कळलं, की मी तात्यांची गाडी काढून घेतली नव्हती, त्यांचं शिवार काढून घेतलं होतं.

नांगराचा बैल कोळप्याला

मी हलकी गाडी घेण्याचा विषय काढला. तात्या उसळले, "त्या पोरीबाळींच्या गाडीवर मी बसू व्हय? गाव हसंल मला."

चुलीपुढून आई म्हणाली, "बैल थकला की नांगराला जुंपता का तुम्ही? कोळप्याला जुंपता न्हवं? मग त्यानं काय बैलाची इज्जत जाती?"

तात्या गप्प झाले. आमच्या घरात हेच 'हो' समजायचं.

मग आम्ही तीन प्रकारच्या गाड्या पाहिल्या. बिगरगिअरची स्कूटर शंभर-एकशेदहा किलोची, सेल्फ स्टार्ट, बसायला उत्तम. पण तिची चाकं लहान. डांबरी रस्त्याला ठीक, पाणंदीच्या चाकोरीत आणि खड्ड्यात आदळते. शंभर सीसीची मोटरसायकल वजनाला जवळपास तेवढीच, पण चाकं अठरा इंची, त्यामुळे कच्च्या वाटेला चांगली. मात्र तिच्यावर पाय टाकून बसावं लागतं आणि तात्यांचा उजवा पाय आता तेवढा उचलत नाही. तिसरी मोपेड. आपल्याकडे १९७२ साली लूना आली तेव्हापासून ही जात शेतकऱ्याच्या ओळखीची. आजची मोपेड सेल्फ स्टार्टची मिळते, वजन नव्वद किलोच्या आत, चाकं सोळा इंची. मधून मोकळी असल्याने पाय उचलायची गरज नाही. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी पायाशी खाली बसते, त्यामुळे तोल जात नाही. तात्यांनी मोपेड घेतली. ज्याचा रस्ता डांबरी आहे त्याने स्कूटर घ्यावी, ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने शंभर सीसीची घ्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये.

जुनी सवय घात करते

गाडी बदलताना खरा धोका वेगळाच असतो, तो नीट ध्यानात घ्या. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या मोटरसायकलला नेमकं उलट. पस्तीस वर्षांची सवय असलेला माणूस अचानक कुत्रं आडवं आलं की डावा पाय दाबणार, आणि तिथे ब्रेक नाही, गिअर आहे. मोपेडला आणि स्कूटरला आणखी एक गोम आहे. डाव्या मुठीत क्लच नसतो, ब्रेक असतो. गिअर बदलायच्या सवयीने ती मूठ आवळली की गाडी जागेवर थांबते आणि मागचं वाहन अंगावर येतं.

म्हणून तात्यांना आठ दिवस खळ्यावरच गाडी फिरवायला लावली. सकाळी अर्धा तास, फक्त चालवायची आणि थांबवायची. पहिल्या दिवशी क्लच समजून तीनदा ब्रेक दाबला. चौथ्या दिवशी हात वळणावर आला. नववीतला नातू शिकवणीला उभा होता, तात्यांनी त्याच्या शिव्या बिनतक्रार खाल्ल्या.

एवढं पाहून घ्या

गाडी घेताना दोन्ही पायांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का, ते बसून पाहा. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी तुमची नाही. हँडल धरताना पुढे वाकावं लागू नये, खांदे उचलले जाऊ नयेत. चाकातली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. जास्त हवेने कंबरेला हादरे बसतात, कमी हवेने गाडी लडबडते. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या बांधा.

डोळे तपासून घ्या. समोरच्या दिव्याभोवती तेजाचं वलय दिसत असेल तर मोतीबिंदूची शंका घ्यावी, आणि दिवस मावळायच्या आत घरी यावं. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. तो दाखला नुसता सही-शिक्क्यापुरता आणू नका, खरोखर तपासून घ्या. हेल्मेट शेताच्या वाटेवरही हवं. आणि चक्कर येत असेल, साखरेने तळपाय बधिर झाले असतील, तर मग हलकी गाडीही नको. तिथे सोबत लागते, हे मान्य करण्यातही कमीपणा नाही.

तरुण पोरांना एक विनंती. म्हाताऱ्याच्या हातून किल्ली काढून घेणं सोपं आहे, पण त्या किल्लीबरोबर त्याचं रान, त्याची डेअरी, त्याचा बाजार सगळंच खिळ्याला अडकतं. आधी गाडी बदलून पाहा.

बुलेट आम्ही विकलेली नाही. ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. दसऱ्याला तात्या स्वतः धुतात, हार घालतात आणि किक मला मारायला लावतात. माझ्याही नडगीला तिने प्रसाद दिला आहे.

यंदा जुलैत मी एका गावात शेतकऱ्यांच्या बैठकीत होतो. सकाळी पावणेआठला फोन वाजला. तात्या रानातून बोलत होते.

"आरं, खालच्या वाफ्यात दोन गड्डं पिवळं दिसत्यात. म्या उपटल्यात, चरबी मोकळा केलाय. सांजच्याला औषध घिऊन ये. आन् लवकर ये, मागच्या साली येतो येतो म्हणून आला न्हाईस."

बैठकीतल्या शेतकऱ्यांना मी तो फोन ऐकवला आणि कंदकुजीवरचं भाषण तिथंच संपवलं. यंदा आमचे दोनच गड्डे गेले.