पिकअपमधला कूलंट जातो कुठे?



१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत आपण होड्या वर ओढतो, इंजिनं खोलतो, जाळी शिवतो. पण मासळी बाजारात नेणारी पिकअप तशीच उभी राहते. म्हणून आज तिच्याबद्दल.

गेल्या हंगामात आमची गाडी बांगडे भरून बेळगावला निघाली. केरी सोडून चोर्ला घाट चढताना काटा लालवर गेला. त्याआधी दोन आठवडे रोज सकाळी बाटलीत थोडं पाणी घालावं लागत होतं. "जात असेल कुठेतरी" म्हणून आम्हीच सोडून दिलं. रात्रभर गाडी घाटात, बर्फ वितळला, मासळी पडेल भावाने गेली. वर हेड गॅस्केटचा खर्च. तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली: कूलंट आटत नाही. कमी होतोय म्हणजे कुठून तरी गळतोय.

गळती शोधायची ती अशी:

१) सकाळी इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी बघा. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. रोज एकाच वेळी बघा, म्हणजे फरक कळतो.

२) रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत डाग म्हणजे कूलंट. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. मागच्या हौद्यातून ठिबकतं ते बर्फाचं पाणी, त्याचा वास सांगायला नको!

३) होज पाईपची टोकं, क्लिपा, रेडिएटर, वॉटर पंप बघा. सुकलेला पांढरट-हिरवट थर दिसला की गळती तिथेच. जेटीवरच्या खाऱ्या हवेने क्लिपा लवकर गंजतात.

४) बाहेर काहीच दिसत नाही? मग केबिनमध्ये बघा. हीटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. तो फुटला की केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, पायाखालची मॅट ओली होते. पांढरा कागद दाबून बघा. रंगीत, चिकट डाग आला तर कूलंट. नुसतं पाणी आलं तर एसीची नळी तुंबली असेल किंवा पाऊस आत येत असेल.

५) इंजिन गरम, पण हीटरची हवा थंड? आधी कूलंटची पातळी बघा. ती बरोबर असेल तर हवा अडकली असेल किंवा कोअर तुंबला असेल. त्याच्या दोन नळ्यांपैकी एक गरम आणि एक थंड असेल तर पाणी फिरत नाही. हात जपून लावा, पंखा आणि बेल्टपासून लांब.

६) सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं झालं, तर गळती इंजिनच्या आत आहे. गाडी चालवू नका.

तरीही सापडली नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. काटा उतरला म्हणजे गळती आहे.

वाटेत हीटर कोअर फुटला तर मेकॅनिक त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो. गाडी घरी पोचते. मात्र जोड मजबूत पाईपचा आणि चांगल्या क्लिपांचा हवा.

आणि तीन गोष्टी विसरू नका. गरम इंजिनचं टोपण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी रोज घालू नका, क्षार साचून रेडिएटर तुंबतो. कंपनीने सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आणि सांडलेला कूलंट लगेच पुसा, खाडीत तर ओतूच नका. तो गोड लागतो पण विषारी आहे. जेटीवर आपली पोरं असतात, मांजरं-कुत्री असतात.

ऑगस्टला पहिली मासळी येण्याआधी बोनेट एकदा उघडाच. पुठ्ठ्याचा एक तुकडा घाटातली एक रात्र वाचवतो.

आपला,
सचिव