भूकंप झालाच नाही, बातमी मात्र आली!

भूकंप, हवामान, क्रिकेटचा स्कोअर... थेट आकडे घेऊन बातमी आपोआप लिहिणारी यंत्रणा आता कुणीही बसवू शकतो. पण आकडेच चुकले तर?

'लॉस एंजेलिस टाइम्स'चा 'क्वेकबॉट' पाहा. अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याकडून इशारा आला की तो ठरलेल्या मजकुरातल्या रिकाम्या जागा भरतो. मार्च 2014 मध्ये भूकंपानंतर काही मिनिटांत त्याची बातमी तयार होती. पत्रकाराने ती वाचली, मगच प्रसिद्ध केली.

जून 2017 मध्ये मात्र सांता बार्बराजवळ 6.8 तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी निघाली. जमीन तर हललीच नव्हती! शास्त्रज्ञ 1925 च्या भूकंपाची नोंद दुरुस्त करत होते, त्यातून चुकून इशारा गेला. त्यावर तारीख होती 29 जून 2025, म्हणजे आठ वर्षे पुढची. पाचवीतल्या पोरालाही हे खटकलं असतं. बातमी मागे घ्यावी लागली.

क्वेकबॉट निदान रिकाम्या जागाच भरतो. एआय त्यात 'लोक घाबरून रस्त्यावर आले' हेही स्वतःच्या मनाने घालू शकतं. म्हणून तारीख आजचीच आहे का, दुसरीकडे तीच नोंद आहे का, ही तपासणी प्रोग्राममध्येच बसवा. आणि भूकंप, मृत्यू, दंगल हे शब्द आले की बातमी थांबवून आधी माणसाला वाचायला द्या.